संक्रांतीच्या वाणात गेलेली स्थळं

आमच्या वधूवर सूचक केंद्रातली सगळी स्थळं, म्हणजे डॉक्टर, इंजिनिअर, बँकवाले, घटस्फोटित आणि 'जातीची अट नाही' हे सगळे धरून, एका संक्रांतीला माझ्या बायकोने बिल्डिंगमधल्या बायकांना वाण म्हणून लुटली. स्टुलावर चढून ती तिच्या हातात मी दिली होती.

नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं होती. माझी परळची कंपनी बंद पडली होती. हाती आलेले पैसे आम्ही मीरा रोडच्या शांती नगरमधल्या फ्लॅटमध्ये घातले होते, आणि घर चालत होतं ते सुषमाच्या 'जुळवाजुळव वधूवर सूचक केंद्रा'वर. गिरगाव-दादरकडून इकडे राहायला आलेल्या मराठी कुटुंबांना नव्या जागी मुलामुलींच्या लग्नाचं कोणाला विचारायचं हा प्रश्न असे. ती आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसत, चहा पीत आणि मोकळी होत. माणसांशी बोलण्याचं खातं सुषमाकडे होतं. माझ्याकडे तांत्रिक विभाग होता. (म्हणजे आधी ट्यूबलाइटचा स्टार्टर फिरवणे आणि नंतर कॉम्प्युटर.)

कॉम्प्युटर भाईंदरच्या मेहताशेठकडून घेतला होता. जुनाच होता, पण आमच्या बिल्डिंगमध्ये तोच पहिला, त्यामुळे माझी मान जरा ताठ झाली होती. मी रोज एका बोटाने टाइप करत सगळी स्थळं त्याच्यात भरली. शेवटचं स्थळ भरून झालं त्या दिवशी मी जाहीर केलं, "आता कागदाचं काम नाही!" आणि सगळे छापील फॉर्म रद्दीवाल्याला देऊन टाकले. पुढे आठवडाभर स्टेशनबाहेरच्या भेळवाल्याकडे भेळ घेतली की पुडीवर 'अपेक्षा : निर्व्यसनी, मुंबईत स्वतःची जागा' असं वाचायला मिळायचं. सुषमाला ते आवडलं नाही. मला मात्र आपण काळाच्या पुढे गेल्याचा आनंद होता.

काळाच्या पुढे गेलेल्या माणसाला सुरक्षेची काळजी असते. मी फ्लॉपीवर सगळ्याच्या दोन-दोन कॉप्या काढल्या. एक संच रोजच्या वापरासाठी टेबलाच्या खणात ठेवला. दुसरा गुप्त! डॉक्टर मुली एका फ्लॉपीत, नोकरीवाल्या दुसरीत, परदेशातले मुलगे तिसरीत, असा तो संच होता. (सगळं एका फ्लॉपीतही मावलं असतं असं मेहताशेठने नंतर सांगितलं. पण मग डबाभर फ्लॉपी कशाला घेतल्या होत्या?) चुकून कोणी वर काही लिहू नये म्हणून प्रत्येक फ्लॉपीच्या कोपऱ्यातला खटका सरकवून ठेवला. लेबल एकालाही लावलं नाही. आणि तो संच नव्या, कोऱ्या फ्लॉपींच्या रिकाम्या डब्यात भरून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला.

"हे कशाला?" सुषमाने विचारलं.

"चोर आला तर त्याला वाटेल, कोऱ्या आहेत."

"अहो, चोर आला तर टीव्ही नेईल. फ्लॉपी कशाला नेईल?"

सामान्य माणसाला सुरक्षा कळत नाही. त्याच फळीवर खरोखर कोऱ्या फ्लॉपींचा तसाच दुसरा डबा होता, हे मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही.

मग संक्रांत आली. सुषमाचं हळदीकुंकू ठरलं, आणि वाण काय लुटायचं यावर घरात चर्चासत्र भरलं. आई म्हणाली, "प्लॅस्टिकच्या वाट्या दे. उपयोगी पडतात."

"आई, मागच्या वर्षी वाट्या, त्याच्या मागच्या वर्षी वाट्या. बायका त्याच वाट्या मला परत द्यायला लागल्यात," सुषमा म्हणाली. "यंदा काहीतरी वेगळं पाहिजे."

इथे तांत्रिक विभागाला बोलल्याशिवाय राहवलं नाही. "फ्लॉपी द्या!"

"फ्लॉपी?"

"उद्या घरोघरी कॉम्प्युटर येणार! लोक म्हणतील, सुषमाताईंनी आधीच ओळखलं होतं. शिवाय बघ, लाल, पिवळ्या, हिरव्या, निळ्या, किती छान रंग आहेत! आपल्या केंद्राची जाहिरातही होईल."

सुषमाने माझ्याकडे बघितलं. ती सहसा माझं ऐकत नाही. त्या दिवशी नेमकं ऐकलं. "कोऱ्याच द्यायच्या ना?" तिने खात्री करून घेतली.

"मग काय, भरलेल्या देणार?" असं म्हणत मी हसत स्टुलावर चढलो, डबा काढला, त्यावरचं 'नव्या फ्लॉपी' मोठ्याने वाचून दाखवलं आणि तिच्या हातात ठेवला.

हळदीकुंकू झोकात झालं. काळ्या चंद्रकळा, हलव्याचे दागिने, आणि प्रत्येकीच्या ओटीत एक रंगीत फ्लॉपी! दुसऱ्या मजल्यावरच्या शहाभाभींनी ती उलटसुलट करून "कितना प्यारा है!" म्हटलं. पहिल्या मजल्यावरची फिलोमिना, मूळची उत्तनची, तिने "हे काय हाय?" विचारलं आणि सुषमाने समजावून सांगितल्यावर मनापासून "लय भारी!" म्हणून ती पर्समध्ये टाकली. जेसल पार्कवरून सुषमाची मैत्रीण वर्षा आली होती, तिलाही मिळाली. डबा रिकामा झाला. उरलेल्यांना चहाची गाळणी दिली. त्या जरा हिरमुसल्याच.

यानंतर थोड्याच दिवसांनी माझा मेहुणा प्रदीप आला. तो मालवाहू जहाजावर नोकरीला होता. येताना तिकडच्या कुठल्याशा प्रदर्शनात फुकट वाटलेली एक फ्लॉपी घेऊन आला. "भावोजी, तुमच्या धंद्याची आहे. नवरा-बायकोचं पटेल की नाही, कॉम्प्युटर सांगतो!"

फुकट, परदेशी आणि धंद्याची! मी ती तत्काळ मशीनमध्ये घातली. आधी स्वतःवर प्रयोग करावा म्हणून माझी आणि सुषमाची माहिती भरली. खूप प्रश्न होते. शेवटी मशीन घरघरलं आणि उत्तर आलं : शंभरपैकी एकतीस. खाली शेरा होता, 'हा विवाह टाळावा.'

आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती!

मी पुन्हा चालवून पाहिलं. 'तुम्ही जोडीदाराचं म्हणणं ऐकता का?' या प्रश्नाला आधी 'कधीकधी' म्हटलं होतं, ते 'नेहमी' केलं. गुण सत्तावीसवर आले. मशीनला खोटं कळतं की काय! मी पेटलो. रोज जेवण झालं की तो प्रोग्राम सुरू करायचा आणि संसार सुधारायचा. कधी तेहतीस, कधी एकोणतीस. चाळीसच्या वर काही आमचं लग्न जाईना. आई विचारायची, "हा एवढा कसला अभ्यास करतोय?" सुषमा म्हणायची, "पास व्हायचा प्रयत्न करतायत."

आपण जितक्या वेळा तो प्रोग्राम सुरू करू तितक्या वेळा तो आतल्या आत मोजत होता, हे मला माहीत असण्याचं कारण नव्हतं. एका दुपारी मशीन सुरू केलं आणि पडद्यावर लाल चौकट आली. स्थळं नाहीत, यादी नाही, काहीच नाही. फक्त इंग्रजीत एक निरोप होता. त्याचा अर्थ असा की, तुमच्या फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत. परत पाहिजे असतील तर अमुक इतके डॉलर, अमुक बेटावर, अमुक पोस्टबॉक्सला पाठवा.

"काय म्हणतंय?" सुषमाने विचारलं.

"पैसे मागतंय."

"कोण?"

"माहीत नाही. एका बेटावरचा कोणीतरी."

सुषमा मटकन खाली बसली. रथसप्तमीनंतरच्या रविवारी भाईंदरच्या हॉलमध्ये आमचा पहिला मोठा वधूवर मेळावा होता. हॉलचं भाडं भरलं होतं, बोर्ड लागले होते, लोकांनी आगाऊ नावं दिली होती. मेळाव्यात प्रत्येक स्थळाची माहिती वाचून दाखवायची होती. आणि माहिती बेटावर होती! तो मेळावा बुडाला असता तर आमच्या केंद्रावर कोणी पुन्हा विश्वास ठेवला नसता. केंद्र गेलं की आमच्या घरात येणारं दुसरं काही नव्हतं.

तरी मी तांत्रिक विभाग होतो. "घाबरू नकोस. खणात कॉप्या आहेत." मी खणातली पहिली फ्लॉपी घातली. मशीनने ती खाल्ली. पडद्यावर चौकट तशीच. दुसरी घातली, तीही गेली. माणसाने इथे थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, एखादी तरी चालेल! शेवटची फ्लॉपी घालेपर्यंत खणातला सगळा संच मी स्वतःच्या हाताने त्या चौकटीला नैवेद्य म्हणून दाखवला होता.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला सगळा प्रकार समजावून सांगितला. ती म्हणाली, "एक पैसा द्यायचा नाही. आज दिलेस तर उद्या बेटावरचे सगळेच मागायला येतील. वर्गणीवाल्यांचं बघतोस ना?"

आईचं पटत होतं, पण धीर होत नव्हता. मी गुपचूप पोस्टात गेलो. खिडकीतल्या गृहस्थांना बेटाचं नाव दाखवलं.

"डॉलर पाठवायचेत? त्याला सरकारची परवानगी लागते," ते म्हणाले. "तिकडे तुमचे कोणी नातेवाईक आहेत?"

"नाही."

"शिकायला कोणी आहे? आजारी आहे?"

"नाही."

"मग कारण काय लिहू?"

मी इकडेतिकडे बघून हळूच सांगितलं, "खंडणी."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि माझ्या मागच्या माणसाला म्हणाले, "हां, तुमचं काय?"

घरी आलो तर मेहताशेठ आले होते. सुषमानेच त्यांना बोलावलं होतं. त्यांनी मशीन उघडून बघितलं, तोंडाने च् च् केलं आणि म्हणाले, "पैसे पाठवून पण काही गॅरंटी नाही, भाऊ. सगळं पुसून टाकू, नव्याने भरू. बॅकअप आहे ना?"

"खणातला गेला."

"दुसरा?"

आता माझी छाती पुन्हा फुगली. हाच तो क्षण, ज्यासाठी मी तो गुप्त संच केला होता! मी स्टूल ओढलं, वर चढलो, फळीवरचा डबा काढला आणि मेहताशेठच्या हातात ठेवला. "बघा! याला म्हणतात पूर्वतयारी!"

मेहताशेठने डब्यावरचं कागदी सील तोडलं. सील! माझ्या गुप्त डब्याला सील असण्याचं काही कारण नव्हतं. मी स्टुलावर तसाच उभा राहिलो. खाली सुषमा माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर सगळं हळूहळू उमटत गेलं.

"अहो," ती म्हणाली, "मग मी वाटलं काय?"

मी स्टुलावरून उतरलोच नाही. मला वर बरं वाटत होतं.

"म्हणजे बॅकअप कुठे आहे?" मेहताशेठने विचारलं.

"बिल्डिंगमध्ये," मी म्हणालो. "बहुतेक."

मी लगेच घरोघरी जाऊन फ्लॉपी गोळा करायला निघालो. दारात आई आडवी आली. "लुटलेलं वाण परत मागतोस? सवाष्णींच्या ओटीत घातलेलं? अरुण, आपल्या घरात असलं झालेलं नाही आणि होणार नाही!"

"आई, केंद्र बुडेल!"

"बुडू दे. वाण परत मागायचं नाही."

अशा वेळी माझं डोकं चालत नाही. (इतर वेळी चालतं तेव्हा काय होतं ते वर आलंच आहे.) डोकं चाललं ते सुषमाचं. ती आईला म्हणाली, "मागायचं नाही, बरोबर. पण त्यांनी आपणहून हळदीकुंकू करून मला वाण दिलं तर घ्यायचं की नाही?"

आईने विचार केला. "ते घ्यावंच लागतं. पण रथसप्तमीपर्यंतच. त्यानंतर हळदीकुंकू नाही."

रथसप्तमी आठवड्यावर होती. आणि ज्यांच्याकडे आमची स्थळं होती त्यातल्या निम्म्याअधिक जणींनी जन्मात हळदीकुंकू केलं नव्हतं!

सुषमा आधी शहाभाभींकडे गेली. काहीही न मागता नुसती हकीकत सांगितली. शहाभाभी उडाल्याच. "अरे राम! वो फ्लोपी तो मेरे अथाणे की बरणी पे ढक्कन है! चार शादियां होंगी उसमें?"

"चारपेक्षा जास्त, भाभी."

"तो करेंगे हल्दीकुंकू! तू बता, क्या-क्या लगता है?"

काय-काय लागतं ते पुरवण्याचं काम माझ्याकडे आलं. हळद, कुंकू, तिळगूळ, गजरे, अत्तरदाणी. त्या आठवड्यात मी इतके गजरे नेले की नाक्यावरच्या गजरेवालीने मला एकदा थांबवून "घरचं सगळं ठीक आहे ना, भाऊ?" असं विचारलं. शहाभाभींच्या हळदीकुंकवात तिळगुळाबरोबर ढोकळाही होता. सुषमाच्या ओटीत हिरवी फ्लॉपी पडली. तिला कैरीच्या लोणच्याचा घमघमाट येत होता. मेहताशेठने मशीन आधीच साफ करून नव्याने सुरू केलं होतं, त्यात त्यांनी ती फ्लॉपी पुसून घातली. आम्ही श्वास रोखून बसलो. पडद्यावर अक्षरं आली : डॉक्टर मुली, सगळ्या सुखरूप!

"आल्या!" मी ओरडलो. शेजारच्या दारातून कोणीतरी विचारलं, "कोण आल्या?"

मग रोज कोणाकडे ना कोणाकडे हळदीकुंकू सुरू झालं. एकीकडे फ्लॉपी टेबलाच्या पायाखाली होती, तिथून घटस्फोटित मुलगे निघाले. एकीने त्यावर गरम चहाचा कप ठेवून गोल उठवला होता, तरी 'जातीची अट नाही' हे सगळे त्याखाली जिवंत होते. लेबल नसल्यामुळे कुठल्या घरातून कोण निघेल याचा नेम नव्हता. संध्याकाळी जिन्यात बायका एकमेकींना विचारायच्या, "तुझ्यात काय निघालं गं?" "इंजिनिअर!" "माझ्यात नुसते विधुर."

फिलोमिनाचं मला अजून आठवतं. ती म्हणाली, "आमच्यात हळदीकुंकू न्हाय. पन मी करते. मी फादरला विचारून आलेय, शेजारधर्म हाय म्हणाले." तिने दारात रांगोळी काढली, खास बिनअंड्याचा केक केला आणि उत्तनहून आपल्या आईलाही बोलावून घेतलं. म्हातारीने सुषमाला कुंकू लावलं, हातात लाल फ्लॉपी ठेवली आणि म्हणाली, "पोरी, सगळ्यांची लग्ना होऊंदे." मला तिथेच दारात भरून आलं. बँकवाले मुलगे परत मिळाले म्हणून नव्हे, ज्या बायकांना आमच्या घरात काय चाललंय याच्याशी काही घेणं नव्हतं, त्या सगळ्या आपापली कामं टाकून आमचं घर वाचवायला उभ्या राहिल्या होत्या म्हणून.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी एकच फ्लॉपी राहिली. पिवळी. हिशेब लावला तर कळलं, तिच्यात नोकरी करणाऱ्या मुली होत्या. आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी त्यांनाच! त्यांच्याशिवाय मेळावा म्हणजे नुसत्या नवऱ्यामुलांचा मोर्चा झाला असता. ही फ्लॉपी जेसल पार्कच्या वर्षाला मिळाली होती. आम्ही तिच्याकडे धावलो.

वर्षाने जीभ चावली. "सुषमा, खरं सांगू? मी तेच वाण माझ्या हळदीकुंकवात पुढे दिलं. आमच्या शाळेतल्या नायरबाईंना. त्या इंद्रलोकला राहतात."

इंद्रलोक तेव्हा नव्यानेच उभं राहत होतं. अर्ध्या इमारतींना रंग होता, अर्ध्यांना परांच्या. आम्ही नायरबाईंचं घर शोधून काढलं. बाईंनी प्रेमाने बसवलं, कॉफी दिली आणि देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. समईच्या उजेडात, गुरुवायूरच्या कृष्णाच्या फोटोला टेकून, आमची पिवळी फ्लॉपी उभी होती. तिला चंदन लावलं होतं. वर जास्वंदीचं फूल होतं.

"वर्षा टीचर ने इतनी श्रद्धा से दिया," बाई म्हणाल्या. "मैंने भगवान के पास रखा. और उसी हफ्ते मेरी बेटी की शादी पक्की हो गयी!"

म्हणजे ज्या फ्लॉपीत आमच्या नोकरीवाल्या मुली अडकल्या होत्या, तिने नायरबाईंच्या मुलीचं लग्न जुळवलं होतं. तेही आमची नोंदणी फी न भरता!

सुषमाने हकीकत सांगितली. बाईंना वाईट वाटलं, पण त्या हात जोडून म्हणाल्या, "शादी होने तक ये यहाँ से हिलेगा नहीं. प्लीज. उसके बाद ले जाइए." लग्न पुढच्या महिन्यात होतं. मेळावा रविवारी.

मी म्हणालो, "बाई, एका तासात परत आणून देतो!"

बाईंनी देवाकडे बघितलं आणि मान हलवली. आईच्याच जातकुळीतल्या होत्या. त्यांच्या जागी आई असती तर तिनेही दिली नसती.

पुन्हा सुषमाच बोलली. "फ्लॉपी इथून हलणार नाही ना? ठीक आहे. मशीन इकडे आणलं तर चालेल?"

नायरबाईंचा चेहरा उजळला. "क्यों नहीं! भगवान के सामने करो!"

रथसप्तमीच्या सकाळी शांती नगरहून इंद्रलोककडे एक रिक्षा निघाली. मागे मेहताशेठ मांडीवर मॉनिटर घेऊन, शेजारी सुषमा कीबोर्ड घेऊन, आणि मी मधोमध कॉम्प्युटरचा डबा कवटाळून. प्रत्येक खड्ड्याला मेहताशेठ "धीमे, भाई, धीमे!" ओरडत. रिक्षावाल्याने वळून विचारलं, "क्या है इसमें?" मी म्हणालो, "लडकियां." त्याने त्यानंतर रस्ताभर वळून बघितलं नाही.

मशीन देव्हाऱ्यासमोर पाटावर बसवलं. भिंतीतला सॉकेट ढिला होता. प्लग दाबून धरल्याशिवाय वीज यायची नाही. तांत्रिक विभाग म्हणून तो दाबून धरण्याचं काम माझ्याकडे आलं. नायरबाईंनी स्वतः स्नान करून, देवाची परवानगी मागून फ्लॉपी उचलली आणि मेहताशेठच्या हातात दिली. मशीन घरघरू लागलं. पडद्यावर एकेक नाव येऊ लागलं. अर्ध्या मुली आल्या. सुषमाने माझ्याकडे बघून डोळे मिटले. इतक्यात नायरबाई कापूर लावलेलं तबक घेऊन आल्या. त्यांनी देवाला ओवाळलं, फ्लॉपीला ओवाळलं, मशीनला ओवाळलं. सगळ्यांनी हात जोडले.

मीही जोडले. दोन्ही!

मशीन बंद पडलं. पडदा काळा झाला. खोलीत फक्त कापूर जळत होता.

"अहो," सुषमा म्हणाली, आणि तिचा आवाज फार शांत होता, "देव समजून घेईल. तुम्ही प्लग धरा."

मी धरला. त्यानंतर मला प्रसाद देखील सुषमानेच भरवला, कारण हात सोडायची मला परवानगी नव्हती. मेहताशेठने पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा घरघर, पुन्हा एकेक नाव. मी इतका दाबून धरला होता की बोटं पांढरी पडली. शेवटचं नाव आलं तेव्हा मेहताशेठने टाळी वाजवली. "झालं! सगळ्या आल्या!" सुषमा रडायला लागली आणि तिच्याबरोबर नायरबाईही. मला टाळी वाजवायची फार इच्छा होती. मी वाजवली नाही.

पिवळी फ्लॉपी पुन्हा देवापाशी गेली. चहा पिताना मेहताशेठ म्हणाले, "बघा हां, जेवढं घरात होतं तेवढं सगळं गेलं. जेवढं बाहेर होतं तेवढं वाचलं. मोठ्या कंपन्या हेच करायला पाहिजे, पण करत नाही. किती घरांत ठेवला बॅकअप! काय डोकं आहे, भाऊ!"

मी विनयाने मान खाली घातली. सुषमाने माझ्याकडे बघितलं आणि परक्या घरात होतो म्हणून नुसती माझी कपबशी उचलून घेतली.

तेव्हापासून आमच्याकडे दर महिन्याला ताजी कॉपी निघते आणि एक शहाभाभींकडे, एक फिलोमिनाकडे जाते. ती नेऊन देण्याचं काम आई करते, कुंकवाचं बोट लावून. परदेशी, फुकट आणि धंद्याची अशी कुठलीही वस्तू मशीनपाशी आणायला मला बंदी आहे. मेहताशेठने महिन्यातून एकदा त्या कॉप्या खरोखर उघडतात का, ते तपासायची सवय सुषमाला लावली. पहिल्यांदा ते करताना ती माझ्याकडून शिकायला आली नाही, हे मी मोठ्या मनाने घेतलं.

मेळावा भरगच्च झाला. हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. सुषमा एकेक स्थळ वाचत होती आणि लोक वह्यांत टिपून घेत होते. त्याच दिवशी दोन घरं एकमेकांकडे चहाला जायचं ठरवून गेली. पहिल्या रांगेत शहाभाभी, फिलोमिना, तिची आई, वर्षा, नायरबाई, सगळ्या नटूनथटून बसल्या होत्या; प्रत्येकीला आपल्या फ्लॉपीतलं स्थळ वाचलं गेलं की अभिमान वाटत होता. "मेरेवाली!" असं शहाभाभी शेजारणीला सांगत होत्या. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो आणि मला वाटत होतं, आता काही बिघडणार नाही. या एवढ्या बायका असताना काय बिघडेल?

शेवटी सुषमा आभार मानायला उभी राहिली. तिने एकेकीचं नाव घेऊन, आमची स्थळं सांभाळल्याबद्दल सगळ्यांचे आभार मानले. मेहताशेठचे मानले. मग जरा थांबली, मागे भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "आणि आमच्या ह्यांचे विशेष आभार. आजच्या मेळाव्यात त्यांनी सकाळपासून कशालाही हात लावलेला नाही!"

दिवसभरातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्या वाक्याला पडल्या. मी दोन पावलं पुढे येऊन, नम्रपणे वाकून, त्यांचा स्वीकार केला.